तोंडी सौदा, खडूनं लिहिलेला रेट आणि "मी कुठं लिहून दिलंय?"

खर्चीवाला
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी इचलकरंजीत खर्चीवाला यंत्रमागधारक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सूत व्यापाऱ्याचं, बीम (उभे धागे गुंडाळलेला रूळ) व्यापाऱ्याचा, माग, कामगार आणि लाइटबिल आमचं. कापड विणून द्यायचं आणि पिकावर, म्हणजे कापडात इंचाला किती आडवे धागे त्यावर, मजुरी घ्यायची. गेल्या वर्षी साधे माग भंगारात घालून चार जुने रेपिअर (धोट्याशिवाय चालणारे वेगवान माग) घेतले. ज्या शेठचं काम अकरा वर्षं करतोय ते माझ्या कारखान्यात स्टुलावर बसून चहा पिता पिता म्हणाले, "तू रेपिअर टाक, वर्षभर बीम कमी पडू देत नाही." रेट ठरला. तो मी त्यांच्यासमोरच भिंतीवर खडूनं लिहिला. अजून आहे तिथं. त्या वेळी हजर माणसं तीन: शेठ, मी आणि आमचा जॉबर (माग जुळवणारा कारागीर).

पहिले दोन महिने ठरलेल्या रेटनं बिलं निघाली, पैसेही आले. तिसऱ्या महिन्यापासून पिकामागं दीड पैसा कापायला लागले. ६० पिकाच्या कापडाला मीटरमागं ९० पैसे. चार महिन्यांत साधारण ४०,००० मीटर कापड गेलं, म्हणजे ३६,००० रुपये. आणि सातव्या महिन्यात बीमच बंद. माग उभे, बँकेचा हप्ता मात्र पळतोय. विचारलं तर म्हणाले, "मंदी आहे रे. आणि मी कुठं लिहून दिलंय?"

प्रश्न एवढाच: लिहून दिलं नाही म्हणजे काहीच नाही का?

पोटोबा
जाणकारांच्या प्रतीक्षेत. तोवर त्या भिंतीचा फोटो काढून ठेवा. दिवाळीच्या रंगकामात पुरावा जायचा.

सडेतोड
कटू आहे पण ऐका. तोंडी कराराला कायद्यात शून्य किंमत. शंभरच्या स्टॅम्पवर घेऊन नोटरी केलं असतंत तर काही झालं असतं. आता अनुभव म्हणून सोडून द्या.

निफाडकर
सडेतोडशी सहमत नाही, पण माझ्या खिशाला विचाराल तर तेच उत्तर येईल. सविस्तर रात्री लिहितो, आत्ता बागेत आहे.

काळा_कोट
सडेतोड, तुमच्या प्रतिसादामुळं रविवारी लॅपटॉप उघडावा लागला.

भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याचं कलम १० म्हणतं की करार करायला पात्र असलेल्या माणसांनी, स्वखुशीनं, कायदेशीर मोबदल्यासाठी आणि कायदेशीर कारणासाठी ठरवलेली गोष्ट म्हणजे करार. ती कागदावरच हवी असं त्यात नाही. दुसऱ्या एखाद्या कायद्यानं लेखी किंवा नोंदणीकृत हवं म्हटलं असेल तरच कागद लागतो. १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम ५ तर आणखी मोकळं आहे: विक्रीचा करार लेखी होतो, तोंडी होतो, अर्धा असा अर्धा तसा होतो, नुसत्या वागण्यातूनही होतो. रोज सकाळी मेथीची जुडी घेताना तुम्ही नोटरीला बरोबर नेता का?

नोटरीचा शिक्का बसला म्हणून करार जन्माला येत नाही आणि शिक्का नाही म्हणून मरतही नाही. जाता जाता, महाराष्ट्रात शंभरचा स्टॅम्प ऑक्टोबर २०२४ मध्ये पाचशेवर गेला. सल्लाही महाग झाला.

आता धागाकर्ते. तुमच्या त्या चहाच्या कपात दोन वचनं आहेत, ती आधी वेगळी करा.

पहिलं रेटचं. हे भक्कम आहे. दोन महिने त्या रेटनं तुम्ही बिल केलं, त्यांनी चुकवलं. "असं ठरलंच नव्हतं" असं म्हणणाऱ्याला ते दोन महिने आड येतात. मधल्या काळात तुम्ही नव्या रेटला मान्यता दिल्यासारखं काही केलंत का, एवढंच बघावं लागेल. तिसऱ्या महिन्यापासूनची बिलं कुठल्या रेटनं केलीत?

दुसरं "वर्षभर बीम कमी पडू देत नाही". इथं पाय घसरतो. किती बीम? कुठल्या क्वालिटीचे? चारही माग चालतील इतके की दोन? कराराचा अर्थ नक्की करता येत नसेल तर तो करार कायद्याच्या कलम २९ खाली रद्दबातल ठरतो. मागच्या महिन्यांत किती बीम आले त्यावरून "इतके ठरले होते" असं मांडता येईल, पण घाम निघेल. आणि नुकसानभरपाईच्या कलम ७३ मध्ये एक अट आहे जी लोक विसरतात: नुकसान कमी करायला तुम्ही काय केलंत? दुसऱ्या व्यापाऱ्याकडं बीम मागायला गेला होतात का? नसाल तर उद्या जा, आणि गेल्याची नोंद ठेवा.

खर्चीवाला
काळा_कोट साहेब, लई आभार. बिलं मी शेवटपर्यंत जुन्याच रेटनं केली. ते पैसे पाठवताना कापून पाठवायचे आणि त्यांचा दिवाणजी डेबिट नोट (रक्कम कापल्याची चिठ्ठी) लावायचा. डेबिट नोटवर कारण "रेट फरक". मी सही केलेली नाही, पण भांडलोही नाही. अकरा वर्षांचा संबंध आहे हो.

पोटोबा
दिवाणजीनं "रेट फरक" लिहिलं? फरक कशाशी? आधीच्या रेटशी ना? मग आधीचा रेट होता हे त्यांनीच लिहून दिलं की!

काळा_कोट
पोटोबा, तुम्ही वकिली का केली नाहीत?
धागाकर्ते, त्या डेबिट नोटा देव्हाऱ्यात ठेवा.

निफाडकर
लिहितो म्हटलं होतं. हे तीन वर्षांपूर्वीचं.

द्राक्षाचा सौदा आमच्याकडं शिवारातच होतो. व्यापारी येतो, दोन घड तोडतो, मणी चिरून बघतो, साखर मोजायचं यंत्र असेल तर थेंब टाकतो, आणि आकडा बोलतो. २८ रुपये किलो ठरला. स्थानिक दलाल मध्ये होता. तीन दिवस माल तुटला, क्रेट भरले, वजनं माझ्या पोरानं वहीत लिहिली आणि रोज संध्याकाळी व्यापाऱ्याला व्हॉट्सॲपवर टाकली. तो रोज अंगठा पाठवायचा. ४ टन ३०० किलो. १ लाख २० हजार ४०० रुपये. चाळीस हजार त्यानं पहिल्याच दिवशी यूपीआयनं टाकले. बाकीचे "गाडी दिल्लीला पोचली की". गाडी पोचली, फोन बंद.

पोलीस ठाण्यात म्हणाले ही दिवाणी बाब आहे. फसवणुकीचा गुन्हा व्हायचा तर पहिल्यापासूनच पैसे बुडवायचा इरादा होता हे दिसायला हवं, आणि चाळीस हजार तर त्यानं दिलेले. म्हणजे त्यानं काहीच दिलं नसतं तर माझी तक्रार जास्त बळकट! डोक्याला हात लावून घरी आलो. वकिलानं सांगितलं दावा नक्की टिकेल, वही आहे, मेसेज आहेत, दलाल साक्षीदार आहे. पण दावा लावायचा कोणावर? त्यानं सांगितलेलं नाव खरं होतं की नाही तेही मला ठाऊक नाही. पत्ता तर नाहीच.

तेव्हा खर्चीवाला दादा, तुमचा शेठ गावात आहे, त्याचं घर माहीत आहे, जीएसटी नंबर माहीत आहे. तुम्ही माझ्यापेक्षा श्रीमंत आहात.

मेपल_मराठी
निफाडकर, तुमच्या त्या अंगठ्यावरून. इकडं कॅनडात सस्काचेवान प्रांतात २०२३ साली याच अंगठ्यावर निकाल लागला. धान्य कंपनीनं शेतकऱ्याला जवसाच्या कराराचा फोटो पाठवून "खात्री करा" लिहिलं, त्यानं नुसतं 👍 पाठवलं. माल दिला नाही. तो म्हणाला मी फक्त मेसेज मिळाला एवढंच कळवलं. कोर्ट म्हणालं, आधीचे सौदेही तुम्ही असेच "ठीक", "हो" म्हणून पक्के केलेत आणि माल दिलाय, तेव्हा हा अंगठा म्हणजे सहीच. सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलर भरपाई. अपिलातही तेच कायम राहिलं.

पोटोबा
आमच्या फॅमिली ग्रुपवर मी रोज सकाळी वीस अंगठे देतो. किती बुडालो असेन?

टेम्सकाठी
धागा परदेशी आलाच आहे तर एक विलायती. २०१३ साली लंडनच्या एका पबमध्ये बड्या उद्योजकानं, माइक ॲश्ली त्यांचं नाव, बिअरच्या टेबलावर एका सल्लागाराला म्हटलं की कंपनीच्या शेअरचा भाव आठ पौंडांवर नेलास तर तुला दीड कोटी पौंड. भाव गेला. दहा लाख मिळाले, बाकीच्यांसाठी सल्लागार कोर्टात. २०१७ ला निकाल: तोंडी करार होऊ शकतो, मुद्दा तो नाहीच, पण त्या संध्याकाळी, त्या हास्यविनोदात, कोणताही शहाणा माणूस हे गंभीरपणे घेणार नाही. दावा फेटाळला.

गंमत म्हणजे इथं दुसऱ्याच्या कर्जाची हमी लेखीच लागते, १६७७ पासूनचा कायदा आहे. भारतात नाही लागत असं ऐकलंय.

काळा_कोट
बरोबर ऐकलंय. आपल्या करार कायद्याच्या कलम १२६ मध्येच लिहिलंय, हमी तोंडी किंवा लेखी. "माल दे त्याला, पैशाचं मी बघतो" असं दुकानदारासमोर म्हणणारे मेव्हणे इथं वाचत असतील तर सावध व्हा.

पबच्या खटल्याचा धागाकर्त्यांशी संबंध एवढाच: शेठचा चहा आणि तो पब एक नाही. कारखान्यात, धंद्याच्या वेळी, भिंतीवर रेट लिहून बोलणं झालंय. आणि त्या बोलण्यावर विसंबून माणसानं कर्ज काढून माग आणलेत.

भिवंडीकर
आता मी दुसरी बाजू मांडतो, दगड मारू नका. मी व्यापारी आहे, माझे बीम चाळीसेक मागांवर असतात.

"वर्षभर बीम देतो" हे आम्ही सगळेच बोलतो. त्याचा अर्थ बाजारातल्या प्रत्येकाला कळतो: कापडाला उठाव असेल तोवर. सुताचा भाव एका आठवड्यात किलोमागं दहा रुपये हलतो, कापडाचा सौदा तुटतो, पेमेंट तीन-तीन महिने वरून येत नाही. तेव्हा आम्हीही कुणाच्या तरी तोंडी शब्दावरच बसलेलो असतो. माझे एका पार्टीकडं चौदा लाख अडकलेत, तोही म्हणतो "मी कुठं लिहून दिलंय". साखळी आहे ही. खर्चीवाल्याला फक्त शेवटची कडी दिसते.

मात्र रेट कापणं चूक. विणून झालेल्या कापडाचा रेट मागाहून बदलायचा नसतो. तो आमच्यातही हलकटपणाच समजतात.

सायझिंगवाला
भिवंडीकरांशी अर्धा सहमत. पण शेठलोकांची एक खोड आहे. फायदा झाला की शब्द घरचा, तोटा झाला की कागद मागायचा.

खर्चीवाला, एक सरळ विचारतो. तुमच्या कारखान्यात त्यांचं काही कापड पडलंय का? असेल तर सोडू नका.

खर्चीवाला
आहेत २२ तागे. शेवटच्या दोन बीमांचे. न्यायला टेम्पो आलाच नाही अजून. पण अडवून ठेवले तर माझ्यावरच चोरीची केस करतील अशी भीती वाटते.

काळा_कोट
सायझिंगवाल्यांनी मार्मिक विचारलं. करार कायद्याचं कलम १७०. दुसऱ्याच्या मालावर ज्यानं आपली मेहनत आणि कौशल्य घातलंय, त्याला त्या कामाची मजुरी मिळेपर्यंत तो माल स्वतःकडं ठेवायचा हक्क आहे. शिंपी शिवलेला कोट अडवतो तो याच जोरावर. पण दोन मर्यादा. एक, हक्क त्याच तागांच्या मजुरीपुरता. जुने ३६,००० वसूल करायला हे २२ तागे धरून ठेवता येणार नाहीत. दोन, "कापड आधी, पैसे महिन्यानं" अशी तुमच्यात उधारीची रीत असेल तर हा हक्क लंगडा पडतो. विकायचा अधिकार तर मुळीच नाही. अडवणार असाल तर का अडवलंय ते लेखी कळवा, गुपचूप दडवल्यासारखं करू नका.

इतिहासवेडा
वरती कुणीतरी लिहील म्हणून वाट बघत होतो, "पूर्वी शब्दाला किंमत होती".

आजोबांचा_नातू
मी लिहिणारच होतो! पण खरंच होती. आमचे आजोबा सांगलीच्या बाजारात हळदीचे सौदे रुमालाखाली बोटं दाबून करायचे. कागद नाही, साक्षीदार नाही, बाजूच्याला आकडाही कळायचा नाही. एकदा बोट दाबलं की दाबलं.

इतिहासवेडा
बोट दाबल्यावर मागं फिरणाऱ्याचं काय व्हायचं तेही आजोबांनी सांगितलं असेल. दुसऱ्या दिवशी त्याचा हात कुणी रुमालाखाली घ्यायचं नाही. बाजारात बसायचीच सोय उरायची नाही. शब्दाला किंमत होती कारण शब्द मोडण्याची किंमत जबर होती, आणि ती बाजारच वसूल करायचा.

आणि जिथं दोन बाजू बरोबरीच्या नव्हत्या तिथं कागद असूनही काय झालं ते पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात बघा. १२ मे १८७५. शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली आणि मुख्यतः शोधले ते कर्जरोखे. रोखे हाती दिले तिथं फारसं काही झालं नाही, नाही दिले तिथं मारहाण, जाळपोळ. त्या लोकांचं गाऱ्हाणं "लिहून दिलं नाही" असं नव्हतं. लिहिलेलं होतं, अंगठाही होता, पण आत काय आहे हे अंगठा देणाऱ्याला वाचता येत नव्हतं. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. शेतकऱ्यानं करून द्यायचे दस्त गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोरच व्हावेत अशी तजवीज त्यात होती, म्हणजे निदान कुणीतरी तिसरा वाचून दाखवेल.

तेव्हा "कागद केला की सुटलो" असं म्हणणाऱ्यांनी कागद कुणी लिहिलाय तेही बघावं.

अनुवादिका
इतिहासवेडा, अगदी. मी एका प्रकाशनासाठी भाषांतरं करते. पहिल्या पुस्तकाला फोनवर ठरलं, पानामागं इतके, बास. पुस्तक आलं, पैसेही वेळेवर आले. मग दोन वर्षांनी तेच भाषांतर ऑडिओ पुस्तकात ऐकू आलं. विचारलं तर "सगळे हक्क आमचे असं आपलं बोलणं झालं होतं". झालं नव्हतं, पण समजा झालं असतं तरी?

काळा_कोट
तरी नाही. ही तोंडी न चालणारी जागा. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९: हक्क सोपवायचे तर लेखी आणि सहीनिशीच. आणि लेखात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तुम्ही त्यांच्या नोकरीत नव्हता ना? मग भाषांतराचा हक्क तुमचाच.

आणखी अशा जागा, आठवतील तशा: लवाद नेमायचं कलम लेखीच हवं. मुदत संपलेलं कर्ज फेडायचं नवं वचन लेखी आणि सहीचं हवं. भाड्याचं घर किंवा गाळा असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणं करार लेखी आणि नोंदणीकृत हवा.

नवी_घरमालकीण
कलम ५५ मी भोगलंय. ओळखीतला मुलगा म्हणून तोंडीच खोली दिली. भांडण झाल्यावर कळलं की नोंदलेला करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरतात, उलट सिद्ध करायचं मालकानं. त्यानं सांगितलं भाडं चार हजार ठरलं होतं. ठरलं होतं नऊ.

पोटोबा
चार म्हणाला? सज्जन होता. मी चारशे म्हणालो असतो.

सडेतोड
म्हणजे मी सांगत होतो तेच आलं की फिरून! लेखी पाहिजे.

काळा_कोट
तुम्ही "शून्य किंमत" म्हणाला होतात. किंमत आहे, सिद्ध करायचा खर्च जास्त आहे. दोन्हीत फरक आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं मुंबईच्या शेअर बाजारातल्या एका प्रकरणात नवरा-बायको दोघांना मिळून १ कोटी १८ लाखांच्या देण्याला जबाबदार धरणारा लवादाचा निवाडा कायम केला. तोट्यातलं खातं बायकोचं, आणि नवऱ्यानं ब्रोकरकडं पत्करलेली जबाबदारी तोंडी. ही भानगड २००१ सालची. चोवीस वर्षं लागली, तेही खरं.

ऑपेराहाउसचा_पोरगा
तोंडी धंद्याचं माहेरघर आमचं. वडील पंचरत्न बिल्डिंगमध्ये हिऱ्यांची दलाली करायचे. लाखोंचा माल निळ्या-पांढऱ्या कागदाच्या पुडीत खिशातून जायचा. सोबत काय, तर जांगडची चिठ्ठी. माल फक्त बघायला दिलाय, विक्री नाही, मागितला की परत, एवढाच तिचा अर्थ. पसंत पडला तर सौदा वेगळा, तो तोंडी.

पण बघा हां, लोक म्हणतात हिरेबाजार विश्वासावर चालतो. ती जांगडची चिठ्ठी वडील कधीच विसरले नाहीत. सख्ख्या साडूला माल देतानाही. सौद्याचा भाव तोंडी, पण माल कुणाचा हे कायम कागदावर. हे धागाकर्त्यांनी घेण्यासारखं आहे. भाव, मुदत यावर वाद परवडतो. मूळ काय ठरलंय यावरच वाद झाला तर संपलं.

हिशेबनीस
उशिरा आलो, पण एका मुद्द्यावर कुणी बोललं नाही याचं आश्चर्य वाटलं. खर्चीवाला, उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंद) आहे का?

असेल तर सूक्ष्म, लघु उद्योगांचा २००६ चा कायदा उघडा, कलम १५. खरेदीदारानं लेखी ठरलेल्या तारखेला पैसे द्यायचे, आणि ती तारीख ४५ दिवसांच्या पलीकडं नेता येत नाही. पण लेखी काही ठरलंच नसेल तर? पंधरा दिवस! म्हणजे "मी कुठं लिहून दिलंय" म्हणणाऱ्या शेठनं स्वतःचेच तीस दिवस घालवले. उशीर झाला की बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीनं. याच कायद्याखाली थकलेल्या पैशांचे वाद बघणाऱ्या सुविधा परिषदेकडं ऑनलाइन अर्ज करता येतो. शिवाय सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत व्यापाऱ्याला आयकरात तो खर्च धरता येत नाही. हे शेवटचं त्यांच्या सीएला नुसतं ऐकवलं तरी फोन येतो असा अनुभव.

खर्चीवाला
उद्यम आहे! बँकेनं कर्जाच्या वेळी काढायला लावलं होतं. उपयोग काय ते आज कळलं.

एक विचारू का? शेठना फोन लावून जुनं बोलणं काढू आणि रेकॉर्ड करू का?

काळा_कोट
संभाषणाची टेप पुराव्यात चालते, हे मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात १९७२ सालीच ठरलंय. आवाज कुणाचा ते पटायला हवं आणि छेडछाड नको. पण तुम्ही त्यांना बोलतं करायला गेलात आणि ते सावध झाले तर "नाही रे, असं काही ठरलंच नव्हतं" हेच रेकॉर्ड होईल. ते तुमच्याविरुद्ध जाईल.

त्यापेक्षा एक साधा मेसेज लिहा. भांडण नको, धमकी नको. अमुक महिन्यात आपलं असं ठरलं, पहिले दोन महिने त्याप्रमाणं बिलं चुकती झाली, त्यानंतरचा फरक इतका बाकी आहे, २२ तागे तयार आहेत, त्याची मजुरी इतकी. बास.

मेसेज पुराव्यात दाखल करताना प्रमाणपत्र लागतं. पूर्वी जुन्या पुरावा कायद्याचं ६५ब म्हणायचे, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३. त्या प्रमाणपत्रावाचून भागत नाही हे २०२० साली पक्कं झालं ते आपल्याच जालन्याच्या निवडणूक खटल्यात. फोन बदलू नका, चॅट पुसू नका. आणि दावा लावायची मुदत तीन वर्षं. "दिवाळीनंतर बघू" असं तोंडी कितीही ऐकलं तरी घड्याळ थांबत नाही. लेखी कबुलीनं किंवा लेखी नोंद असलेल्या अंशतः भरण्यानं ते नव्यानं सुरू होतं.

सायझिंगवाला
सगळं खरं. पण दावा टाकला हे सकाळी झालं तर संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक सायझिंगमध्ये (सुताला खळ लावून बीम भरायचा कारखाना) कळतं. मग दुसरे शेठही बीम देताना दोनदा विचार करतात. हे कुठल्या कलमात बसतं?

काळा_कोट
कुठल्याच नाही.

भिवंडीकर
म्हणून तर मेसेज पाठवा म्हणतात ते. दावा नाही, नोटीस नाही. शेठलाही तोंड दाखवायला जागा राहते. मला असा मेसेज आला असता तर मी निम्मे तरी पाठवले असते.

पोटोबा
भिवंडीकर, हे तुम्ही लिहून दिलंय हां.

खर्चीवाला
मंडळी, नऊ दिवसांनी येतोय.

काळा_कोट साहेबांनी सांगितला तसाच मेसेज केला. पोरीनं टाइप करून दिला. दोन निळ्या रेघा लगेच आल्या, उत्तर तीन दिवस नाही. चौथ्या दिवशी रात्री साडेदहाला एक ओळ: "रेटचं समक्ष बोलू, तागे तयार ठेव."

काल टेम्पो आला. ड्रायव्हर म्हणाला तागे भरा. मागं बघतो तर दोन बीम उभे! २२ तागांची मजुरी ड्रायव्हरच्या समोर खात्यात आली, जुन्या रेटनं. तागे दिले. ३६,००० बद्दल मात्र अवाक्षर नाही. हिशेबनीस, तुमचा अर्ज भरून तयार ठेवलाय, अजून पाठवलेला नाही.

आता अडचण वेगळीच आहे. बीमसोबत चिठ्ठी आली. बीम नंबर आहे, तारा (उभे धागे) आहेत, मीटर आहे. रेटचा रकाना कोरा. मी भरू का जुना रेट?

काळा_कोट
तुम्ही भरू नका. चिठ्ठीचा फोटो काढून त्यांनाच पाठवा, "रेट लिहायचा राहिला, भरून द्यावा" म्हणून. आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत बीम चढवू नका.

खर्चीवाला
साहेब, जॉबरनं सकाळीच चढवला एक. माग महिनाभर उभे होते, त्याला राहवलं नाही. फोटो आत्ता पाठवतो.

पोटोबा
भिंतीचा काढला का?